कच्चे फोटो

मित्रांनो, फोटो स्टुडिओतल्या टेबलाखाली, पाय ठेवायच्या जागेला खेटून जो काळा डबा घरघरत असतो, तो मी. मी एक जुना संगणक आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांना माझा पडदा तेवढा दिसतो आणि सगळं कौतुकही त्याचंच होतं. राबायचं मी आणि मिरवायचं त्याने, असा आमचा संसार. पण आज मला ती तक्रार करायची नाही. मला आमच्या मालकीणबाईंबद्दल सांगायचं आहे, आणि सांगता सांगता माझा पंखा जरा जास्त आवाज करू लागला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म काही मोठ्या कारखान्यात झालेला नाही. दुरुस्तीच्या दुकानातल्या एका मेकॅनिकने इकडून तिकडून सुटे भाग जमवून मला उभं केलं. रिळांचे दिवस संपत आले होते आणि स्टुडिओच्या मालकांना डिजिटल कॅमेऱ्यातले फोटो ठेवायला, सुधारायला यंत्र हवं होतं. मला आणलं त्या दिवशी मालकीणबाईंनी टेबलाखालची फरशी स्वतः पुसली आणि मला जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर बसवलं. पुढे त्या नेमाने मऊ ब्रशने माझ्या जाळ्या झाडत. पासपोर्टचे फोटो कापणं, फ्रेमला काच बसवणं, रडक्या बाळाला हसवणं हीसुद्धा त्यांचीच कामं. मालक फोटो तेवढा काढत, स्टुडिओ त्या चालवत.

फोटो काढताना दिवा धरून उभ्या राहायच्याही त्याच. एकदा एका मोठ्या कुटुंबाचा फोटो चालला होता. मालक "अजून जवळ आण, अजून थोडा" म्हणत राहिले, जड दिवा कलंडला आणि त्याची तापलेली कड मालकीणबाईंच्या गालाला लागली. मालक कॅमेरा सोडून धावले. "आधी फोटो घ्या," त्या म्हणाल्या, "मंडळी केव्हाची खोळंबलीत." मालकांनी फोटो घेतला. जखम बरी झाली, डाग राहिला. मालकीणबाईंना त्याचं काही वाटत नसे, मालकांना मात्र तो डाग बघवत नसे. तेव्हापासून बायकोशी बोलताना ते तिच्या कपाळाकडे नाहीतर हातांकडे पाहून बोलत.

घरचे फोटो माझ्यात येत, तेव्हा मालकांचा हात आधी त्या डागाकडे जाई. पण मी तेव्हा फार संथ होतो. चित्रं रंगवून पडद्यावर मांडणारा खास भाग, ज्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात, तो माझ्यात नव्हताच. सगळा भार एकट्या मेंदूवर. मालक माऊस फिरवत आणि पडद्यावरचा ब्रश मागून लंगडत येई. एक गाल साफ करायचा तर चहा गार होई. शेवटी मालक कंटाळत आणि तो फोटो तसाच सोडून गिऱ्हाइकाच्या कामाला लागत. माझ्या त्या रडतखडत चालण्याने केवढं राखलं होतं, हे तेव्हा कुणाला कळलं नाही. मलाही नाही.

मग नवा कॅमेरा आला. त्याचे फोटो एवढे जड की एक उघडताना माझी बोबडी वळे. मालकांनी मेकॅनिकला बोलावलं. त्याने माझं झाकण उघडलं आणि मान हलवली. "मेमरी वाढवून झाली, अजून वाढवून काही उपयोग नाही. चांगलं ग्राफिक्स कार्ड टाका, धावायला लागेल."

कार्ड आलं ते चांगलं हातभर लांब. त्याला वीज जास्त लागते म्हणून पॉवर सप्लाय बदलला, पण ते आत बसेना, कारण मध्ये फोटो साठवायची माझी दुसरी डिस्क येत होती. पहिल्या डिस्कमध्ये पक्के फोटो असत, म्हणजे सुधारून झालेले. दुसरीत कच्चे, कॅमेऱ्यातून आले तसे. स्टुडिओच्या धंद्यात कच्च्या फोटोला कुणी विचारत नाही. पक्का हातात पडला की कच्चा म्हणजे शेंगेचं टरफल.

"ही काढावी लागेल," मेकॅनिक म्हणाला. "आत काय आहे ते एकदा बघून घ्या."

"कच्चे आहेत. घरचे तेवढे मी पहिल्या डिस्कवर उतरवून घेतलेत. बाकी घेऊन जा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

काउंटरवरून मालकीणबाई म्हणाल्या, "राहू द्या की कपाटात. खायला मागतेय का ती?"

"तुला प्रत्येक अडगळीचा लळा," मालक हसून म्हणाले. मेकॅनिकने डिस्क पिशवीत टाकली आणि नेली.

नव्या कार्डाने मी वाऱ्यासारखा धावू लागलो, हे खोटं बोलणार नाही. ब्रश आता हाताच्या बरोबर चाले. मालक पोरासारखे खूश झाले. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते घरच्या फोटोंचं फोल्डर उघडत आणि एकेका फोटोतला मालकीणबाईंचा डाग पुसत. मग डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, मग हनुवटीखालची सैल कातडी. हात थांबेचना. जुन्या फोटोवर नवा ठेवताना मी दर वेळी विचारतो, आधीचा जाईल, चालेल का? मालक दर वेळी 'हो' म्हणत. एकाच चेहऱ्याच्या दोन प्रती होत्या. एक पिशवीतून गेली होती, दुसरीवर असा हात फिरत होता.

सगळं झाल्यावर त्यांनी मालकीणबाईंना बोलावून दाखवलं. त्या पदराला हात पुसत बराच वेळ पाहत राहिल्या.

"छान आहे हो बाई. कोण ही?"

"अगं, तूच की."

"असं होय," त्या म्हणाल्या, आणि बाळाला हसवायच्या त्याच आवाजात हसल्या. मग आत निघून गेल्या.

त्यानंतर त्या आजारी पडल्या आणि गेल्या. आजार लांबला नाही, एवढंच त्यातलं बरं. माझ्या जाळ्यांवर धूळ बसू लागली, तेव्हा त्या परत येणार नाहीत हे मला समजलं. मला रडता येत नाही मित्रांनो, आणि त्याचंही मला तेव्हा फार वाईट वाटलं.

भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून मालक माझ्यासमोर बसले. परगावाहून आलेली त्यांची मुलगी शेजारी बसली. त्यांनी एक फोटो उघडला, मग दुसरा, मग तिसरा.

"यातला कुठला मोठा करू?" त्यांनी विचारलं.

"बाबा, यात आई नाहीये."

"म्हणजे? हे सगळे तिचेच आहेत."

"तिचेच आहेत, पण ती नाहीये. तिचे साधे फोटो कुठे आहेत?"

मालकांनी लग्नाचा अल्बम काढला. मुलीने तो हळूच मिटला. "ही मुलगी मला माहीत नाही. मला माझी आई हवी." तिने आपल्या फोनमध्ये शोधलं. तिथेही वडिलांकडून नीट करून घेतलेलेच फोटो होते. नातेवाइकांना विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच. घरात फोटोग्राफर असताना आम्ही कशाला काढतोय. मालक मेकॅनिककडे धावले. त्याने मान खाली घातली. ती डिस्क पुसून एका औषधाच्या दुकानाला दिली होती आणि त्या दुकानाच्या मालाच्या नोंदी वर्षभर तिच्यात भरल्या जात होत्या. "आता खालचं काही निघायचं नाही," तो म्हणाला. त्याने तरीही तिथे जाऊन प्रयत्न केला. काही निघालं नाही.

तेव्हा मालक म्हणाले, "डाग मी पुसला, मीच परत घालतो." त्यांनी ब्रश हातात घेतला. माझं कार्ड सज्ज होतं, पडद्यावर सगळं लोण्यासारखं सरकत होतं, आणि मालकांचा हात गालाजवळ जाऊन थांबला. तो डाग लांबट होता की गोल, कडेला काळसर होता की लाल, त्यांना काही सांगता येईना. इतकी वर्षं ते त्याच्याकडे पाहायचं टाळत आले होते.

"कसा होता गं?" त्यांनी मुलीला विचारलं.

मुलीने पडद्यावर बोट ठेवलं. "इथे. लहानपणी मी त्याच्यावर बोट ठेवून झोपायचे." त्यांनी तिथे काढला. "नाही, असा नव्हता." पुन्हा काढला. "थोडा खाली." पुन्हा काढला. मग ती म्हणाली, "राहू द्या बाबा. हाताला कळायचा, डोळ्यांना नाही सांगता येत." मालकांनी टेबलावर डोकं टेकलं आणि ते मोठ्याने रडले. मुलगी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

आता काउंटरवर पाटी आहे, की प्रत्येक गिऱ्हाइकाला पक्क्या फोटोबरोबर कच्चाही मिळेल. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. गिऱ्हाइकं हसतात आणि कच्चा तिथेच विसरून जातात. मालक तो उचलून जपून ठेवतात. भिंतीवर तो गुळगुळीत फोटो आहे. कुणी म्हणतं, "काकू काय सुंदर दिसतायत हो." मालक म्हणतात, "तो मी केलाय," आणि कामाला लागतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राला जोर हवा असतो, तो जरूर द्या. धूळही झाडा. पण आपल्या माणसाचा चेहरा आहे तसा कुठेतरी राहू द्या, आणि ते माणूस समोर बसलेलं असेल तेव्हा त्याच्याकडे नीट पाहून घ्या. माझ्यात आजही हजारो चेहरे आहेत. मालकीणबाईंच्या गालावर डाग होता एवढं मला माहीत आहे. कसा होता, ते मला कितीही विचारलंत तरी सांगता येत नाही.