पाइनखालचा कोसा

वाऱ्याने पडलेल्या पाइनच्या फांदीवरचा तो पांढरा गुंता बाबूलालने नखाने उचकटला, त्यातून एक तार ओढली आणि ताण दिला. तार लगेच तुटली नाही. आणखी थोडी ओढून त्याने ती दोन तळव्यांत वळली, मग मनगटाच्या आतल्या बाजूवरून सावकाश फिरवली. सुताची पारख तो अशीच करत आला होता. बोटं कामाने घट्टे पडून बधिर होतात, मनगट होत नाही, असं त्याच्या बापाने मागावर बसवताना सांगितलं होतं. तार जराशी चरचरली. पण रेशीमच होतं. आपल्याकडच्या कोसा रेशमाच्या कोशासारखं घट्ट नव्हतं. मोकळं, कापसाच्या बोंडासारखं फुगलेलं.

त्याने दुसऱ्या हाताचं मनगटही पुढे केलं, तेवढ्यात सर आली आणि तो गुंता टाकून गाडीकडे पळाला.

गाडी म्हणजे मोटारहोम. आत झोपायच्या फळ्या, शेगडी, नळ, सगळं. बाबूलाल तिला डब्बा म्हणायचा. मुलगा भूपेश पोर्तुगालात, लिस्बनला नोकरीला होता. सुनेला, प्रणालीला, आठवा महिना लागला होता. बाळंतपणाआधी सगळ्यांनी एकदा समुद्र पाहावा म्हणून भूपेशने हा डब्बा भाड्याने घेतला आणि नागपूरहून आलेल्या आईबापाला घेऊन दक्षिणेकडे निघाला. मार्च नुकताच लागला होता. ऊन पडलं म्हणून स्वेटर काढावा तर लगेच गार वारा सुटायचा, त्यामागे पाऊस, की पुन्हा ऊन. नागपुरात एव्हाना ऊन एकदा बसलं की संध्याकाळपर्यंत उठत नाही. इथलं ऊन सारखी उठबस करत होतं, आणि बाबूलालही.

त्याचं मन नागपूरला, हुडकेश्वरच्या घरात होतं. तिथे पुढच्या खोलीत माग होता आणि मागावर अर्धी साडी. शेजारच्या नानाजींच्या नातीचं, वैदेहीचं, लग्न अक्षय तृतीयेच्या सुमाराला होतं आणि साडी बाबूलालने कबूल केली होती. महिनाअखेरीस दोघांची परतीची तिकिटं होती. बायकोचा, अनुसयेचा, जीव मात्र इथे गुंतला होता. व्हिसा मे महिन्यापर्यंत होता, सुनेचं पहिलंच बाळंतपण, आणि प्रणालीला आई नव्हती. तरी अनुसया राहते असं म्हणत नव्हती. लग्न झाल्यापासून या माणसाने स्वतःच्या हाताने पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

भूपेशने गेल्या आठवड्यात आईला विचारलं होतं, बाबा एकटे राहू शकतील का, एवढंच सांग. तेव्हापासून ती नवऱ्याला पाहत होती, आणि आपल्यावर तिची नजर आहे हे बाबूलालला कळत होतं.

संध्याकाळी तळव्यांना आग सुटली. त्याने साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले. कातडी ताणल्यासारखी झाली. जेवायला बसताना त्याने शाल पांघरली, हात आत घेतले आणि पोळी नको, भातच दे म्हणाला. मग चमचा मागितला.

"काहून, आज चमचा?" अनुसयेने विचारलं.

"इथले लोक खाते तसंच."

"चार दिवसांत साहेब झाले तुमी."

भूपेश हसला. प्रणालीने मोबाइलवरून मान वर केली. सकाळी वाटेवर एकामागे एक, शेपटीला तोंड लावून चाललेल्या केसाळ अळ्यांची रांग तिनेच सगळ्यांना दाखवली होती आणि हात लावू दिला नव्हता. बाबूलालही लांबून वळसा घालून गेला होता. आता ती त्या अळ्यांबद्दल वाचत होती. झाडाच्या शेंड्याला जे पांढरं जाळं दिसतं, ते त्यांचं घर. अळ्या निघून गेल्या तरी केस त्या जाळ्यात राहतात, कपड्यालाही चिकटतात. अंगावर पुरळ उठतं, डोळ्यांत गेले तर फार वाईट.

बाबूलालचा चमचा ताटावर वाजला. तो उठला, सुनेपासून अंग चोरत दाराशी गेला आणि मला इथे उकडतं म्हणून पायरीवर जाऊन बसला. बाहेर चांगलाच गारठा होता.

सकाळी सगळे उठायच्या आत तो नळावर गेला. आदल्या दिवशीचा सदरा त्याने बादलीत बुडवला, दोन्ही कोपरांनी दाबला, उचलला आणि तसाच दोरीवर टाकला. मग ओलं फडकं घेऊन गाडीच्या दाराची मूठ पुसली.

भूपेश दात घासत बाहेर आला आणि पाहतच राहिला.

"आई, इकडे पाय. बाबा कपडे धुवून राहिले. आता कायची चिंता तुले?"

अनुसया खाली आली. बाबूलाल पाठमोरा, शालीत हात घालून झाडांकडे पाहत उभा होता. सदऱ्याच्या बाहीतून पाण्याची धार लागली होती.

"पिळला नाही काहून?"

"वाऱ्यानं सुकते."

खाली मातीत पाण्याने खळगा पडेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग तिने सदऱ्याला हात घातला, तशी बाबूलालने वळून, जवळजवळ दरडावून, तिला थांबवलं. राहू दे, माझा मी पाहतो. आवाज चढला हे त्यालाही कळलं. तिने हात मागे घेतला.

दुपारी पुन्हा सर आली आणि सगळे आत बसले. काचेवर बारीक माश्या चिकटल्या होत्या. प्रणालीने चहा केला. बाबूलालने आपला कप टेबलावर तसाच निवू दिला. भूपेशने मोबाइलवर तिकिटं उघडून आईपुढे धरली.

"सांग आई. बदलू का?"

अनुसयेने नवऱ्याकडे पाहिलं.

"राहू दे तिले," बाबूलाल काचेवरच्या माश्यांकडे पाहत घाईने म्हणाला. "पोरीचं पयलं बाळंतपण आहे. माझं काय? भात मले जमते, पोळ्या नानाजीकडून येईन. सदरा धुतलाच ना मी."

"फोन रोज करान?" अनुसयेने विचारलं.

"रोज करीन."

"मंग तोंड नका दाखवू पयले. तोंडानं तुमी मस्त आहो म्हणान, अन् तोंडही तसंच करान. पयले हात दाखवजा."

"हाताचं काय पाहतं वं?"

"आता दाखवा. कसं दाखवता ते पाहू द्या मले."

पाऊस थांबला होता. शेवटी बाबूलालने शाल सरकवली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. तळवे सुजून लाल झाले होते, बोटांच्या पेरांत फोड होते. डाव्या मनगटाच्या आत एक उठून दिसणारी रेघ होती, तार फिरवली तिथे.

प्रणाली पुढे झुकली. त्याने हात चटकन ओढले.

"तू दूर राह्य, बेटा. केस राह्यते म्हणे त्याचे."

भूपेश उठून किल्ली शोधू लागला. पहिले दवाखाना, म्हणाला, बाकी नंतर.

"जाऊ ना," अनुसया म्हणाली. "पयले ते तिकीट बदल. माझं एकटीचं."

तिची नजर हातांवरून हलली नव्हती.

"उलटे करा," ती नवऱ्याला म्हणाली.

बाबूलालने हात उलटे केले आणि फोनसमोर धरावेत तसे थोडे वर उचलले.