हक्कसोडीनंतरची पंचमी

आई आधीच गेलेली. आण्णा गेले त्याला सहा वर्सं झाली. तवा ऊसाचं रान माझ्या नि मानसिंगच्या, दोघांच्या नावावर लागलं. मानसिंग माझा धाकटा भाऊ. पलटणीतनं रिटायर झाला आणि इस्लामपुरात घर बांधून ऱ्हायला. आण्णा हुते तवा त्यानं मला कवा साधा फोन केला न्हाई. पण सातबाऱ्यावर माझं नाव आलं आणि दर पंचमीला गाडी घेऊन गडी कुंडलला माझ्या दारात हजर. "आक्का, चल माहेराला."

मला काय कळत न्हवतं व्हय? मी काय दुधखुळी न्हाई. चार दिवस गोडधोड खाऊ घालायचा आणि निघताना हळूच म्हनायचा, "हक्कसोडीवर तेवढी सही केली असतीस तर..." मी म्हनायची, "फुडच्या वर्षी बघू रं." रान मला नकोच हुतं. मला ती गाडी दारात यायला हवी हुती. माझी लेक प्रांजल लय चिडायची. म्हनायची, "आई, हिस्सा घे न्हाईतर सोड, एक काय ते कर."

गेल्या दिवाळीनंतर मानसिंगच्या डोळ्यात पाणी आलं. "आक्का, तुझा माझ्यावर भरोसाच न्हाई का?" झालं, मी विरघळले. रजिस्टर हापिसात फोटो काढला, अंगठा दिला, सही केली. साहेबांनी विचारलं, "राजीखुशीनं सोडताय ना?" मी म्हनलं, "भावासाठी सोडतीया." मानसिंगनं नवी साडी हातात दिली आणि मला एष्टीत बसवलं. एरवी घरापतूर सोडायला यायचा.

औंदा पंचमीला पिशवी भरून मी सकाळपासनं सोप्यात बसले. दुपारी मीच फोन केला. "औंदा लय गडबड हाय गं," म्हनला आणि ठेवला. पिशवीतल्या साड्या परत ट्रंकेत ठेवताना मला रडू आवरंना.

प्रांजलनं मला वकिलाकडं नेलं. वकिलांनी कागद वाचला. "बनाबाई, याची नोंदणी झालीय. आता सहजासहजी मोडणार नाही. फसवून सही घेतली असेल तर दावा लावू."

"आवं, दावा नको," मी म्हनलं. "मोडायचंबी न्हाई. तुमी एवढंच बघा, आण्णांच्या नावावर अजून काय ऱ्हायलंय का. एखादी हीर, एखादा बांध. माझी सही लागंल असं कायतरी."