हाडातली भोकं

आमच्या घरात सगळ्यात शहाणा माणूस म्हणजे माझे दीर रामेश्वर. शिक्षण बेताचं, पण हातात मोबाईल आहे, त्यामुळे कुठल्याच विषयात ते मागे हटत नाहीत. माझ्या घोट्याच्या एमआरआयची फिल्म त्यांनी अंगणात उन्हाकडे धरून वाचली. धरली होती उलटी.

"वहिनी, हाडाला भोकं पडलीत," ते म्हणाले. "रिपोर्टात साफ लिहिलंय. वरून पाणी बी झालंय."

भोकं पडली नव्हती, पाडली होती. माझं घोट्याचं लिगामेंट तुटलं होतं, पाय सारखा मुरगळायचा. जालन्याच्या डॉक्टरांनी गुडघ्यामागची एक शीर काढली आणि घोट्याच्या हाडात भोकं पाडून त्यातून ओवली. परवा तीच फिल्म समोर धरून त्यांनी मला समजावलं. नवी शीर जागेवर आहे, जाड दिसते ते बरोबरच, पाणी ओसरेल. सपाटीवर चाला, व्यायाम करा, खडकाळ माळ मात्र अजून काही महिने नको. हे ऐकायला आमचे मालक आत हवे होते. ते बाहेर चहा पीत होते.

शेळ्या माझ्या. माहेरून आणलेल्या एका शेळीपासून मी कळप वाढवला. ऑपरेशन झाल्यापासून मालक त्या चारायला नेत, आणि संध्याकाळी असे कण्हत येत की ऑपरेशन त्यांचंच झालं असावं. चप्पल काढायच्या आधी पाणी मागायचे, तेही काठी टेकत चालणाऱ्या माझ्याकडे.

दोघा भावांनी ठरवून टाकलं, माझा पाय आता कामाचा नाही, शेळ्या तीर्थपुरीच्या बाजारात काढायच्या. मी समोर बसले होते. डॉक्टर काय म्हणाले ते मी पुन्हा सांगितलं.

"पेशंटला खरं थोडंच सांगतात?" रामेश्वर म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बाजाराच्या दिवशी टेम्पो दारात आला. मालकांनी पहिली शेळी ओढली तशी मी उठले. काठी भिंतीला लावली, चांगला पाय उचलला आणि ऑपरेशनच्या पायावर हाताची घडी घालून उभी राहिले. हा माझा रोजचा व्यायाम. घरात कोणी कधी बघितला असेल तर शपथ.

"भावजी, तुमच्या हाडाला तर भोकं न्हाईत. राहा बरं असं."

ते हसत एका पायावर उभे राहिले, डोलले आणि टेम्पोवाल्याची कॉलर धरून सावरले. शेजारच्या दुर्गाबाईंनी तोंडात पदर कोंबला.

मालकांचा चेहरा मात्र उजळला. "पाय बरा झाला की! मंग उद्यापासून तूच ने शेळ्या माळावर. त्यांच्यामागं फिरून माझे पाय गळून राह्यलेत."

म्हणजे हे होतं तर! माझ्या पायाची काळजी कोणालाच नव्हती. स्वतःचे पाय दुखतात म्हणून हा माणूस माझी जन्माची कमाई बाजारात उभी करायला निघाला होता. मला हसू आलं नाही. वाईट वाटलं, आणि लाजही त्याचीच वाटली.

भिंतीची काठी घेऊन मी त्यांच्या हातात दिली.

"डॉक्टरनं मला माळ अजून बंद सांगितलाय. भोकं माझ्या हाडात हायेत, तुमच्या न्हाई. निघा."

टेम्पो रिकामा गेला. शेळ्या माळाकडे वळल्या आणि त्यांच्यामागून, कण्हत, आमचे मालक.