टेकूचा चेहरा

पडद्यावरचा तो पोरगा जर्मनीतला होता, आणि भरलेल्या हॉलमध्ये हे एकट्या महेशला ठाऊक होतं.

महेश म्हणजे माझा धाकटा दीर. आजवर त्याने लग्नं फक्त शूट केली, स्वतः केलं नाही. देवळाली कॅम्पातल्या आमच्या सिंधी कॉलनीने त्याला चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, दाखवायला एक फिल्म करायला सांगितली होती. फाळणीनंतर आपली माणसं कराचीहून इथे कशी आली, लष्कराच्या बराकींत कशी राहिली, वगैरे. मी श्यामला, मूळची पंचवटीची, लग्न करून या घरात आलेली, त्यामुळे मागे वाजणारं सिंधी गाणं मला निम्मंच कळत होतं. पण समोरचं कळायला भाषा लागत नव्हती. बोचकी घेतलेल्या बायका, जेवणासाठी लागलेल्या रांगा, हातगाडीत बसवलेली एक म्हातारी. आणि मग पडदाभर एका चारेक वर्षांच्या मुलाचा चेहरा. तो सरळ आमच्याकडे बघत होता.

माझ्या सासूबाई, अम्मा, पहिल्या रांगेत होत्या. त्या उठल्या, काठी तिथेच ठेवून पडद्यापर्यंत गेल्या आणि त्या मुलाच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "टेकू." तोवर चित्र पुढे सरकलं होतं. त्यांचा हात आता कुणा बाईच्या कोटावर होता, तरी त्यांनी तो काढला नाही.

टेकू अम्मांचा धाकटा भाऊ. बोटीतून मुंबई, तिथून रेल्वेने देवळाली, असे सगळे धडपणे पोचले. कॅम्पात कॉलऱ्याच्या सुईसाठी रांग लागली. आठ वर्षांच्या अम्मांच्या हातात चार वर्षांच्या टेकूचा हात होता. पुढच्या बाईच्या दंडात सुई गेलेली पाहून त्यांनी घाबरून दोन्ही हातांनी डोळे झाकले. उघडले तेव्हा टेकू नव्हता. तो मेला असं कुणी सांगितलं नाही, जिवंत आहे असंही नाही. त्याचा फोटो कधी काढलेलाच नव्हता. त्याचा चेहरा या जगात फक्त अम्मांजवळ उरला होता आणि त्या तो जिवापाड जपायच्या. सावळा, नाक बसकं, उजवा कान पुढे आलेला, हसला की दातांत फट. मेथी निवडता निवडता त्यांनी मला हे इतक्यांदा सांगितलंय की टेकू मलाही जवळजवळ दिसायचा.

म्हणूनच मला हॉलमध्येच खटकलं. पडद्यावरच्या पोराचं नाक चांगलं सरळ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी महेशच्या खोलीत जाऊन फिल्म पुन्हा लावायला सांगितली. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवलाय, पोरांच्या थापा मला लांबून कळतात. हातगाडीतल्या म्हातारीच्या मागे क्षणभर एक इमारत दिसत होती. चार मजली, पण अर्धीच. जिना हवेत लोंबत होता आणि वरच्या भिंतीला कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या फरशा तशाच चिकटलेल्या होत्या.

"देवळालीवर बॉम्ब कधी पडला रे?" मी विचारलं.

महेशने आधी आढेवेढे घेतले, मग कबूल केलं. "भाभी, इथलं शूटिंग आहे कुठे? तेव्हा कुणाकडे होता कॅमेरा? हे महायुद्ध संपल्यावरचं जर्मनीतलं आहे. नेटवर फुकट मिळतं. दुकानांच्या पाट्या कापल्या, रंग थोडा मातकट केला. निर्वासित सगळीकडे सारखेच दिसतात."

"आईला सारखेच दिसले, ते पाहिलंस ना?"

"तिला इतकं खूश कधी पाहिलं होतंस तू?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण मी त्याला मूळ चित्रण लावायला लावलं. आवाज नव्हता. बायका हातोडीने विटांचा चुना काढून विटा रचत होत्या. मोडक्या भिंतीला दोरी बांधून कुणी कपडे वाळत घातले होते. एक म्हातारा बाकावर बसून अगदी सावकाश बटाटा सोलत होता, साल जाड जाऊ नये म्हणून. मग तो मुलगा आला. महेशने फक्त चेहरा ठेवला होता. मुळात तो कमरेपर्यंत दिसत होता आणि त्याने छातीशी एक पाटी धरली होती. पाटीवर खडूने नाव होतं, योझेफ. हरवलेल्या मुलांना असं उभं करून त्यांची चित्रं काढत, कुणीतरी बघेल आणि ओळखेल म्हणून. महेशने नेमकी तेवढी पाटी कापली होती.

"आजच्या आज अम्मांना सांग," मी म्हणाले.

"सांगतो. दोन दिवस जाऊ दे."

खरं सांगायचं तर तेव्हा माझीही जीभ उचलली नाही. अम्मा सकाळी स्वतःहून फाटकापर्यंत चालत गेल्या होत्या, दोन घास जास्त जेवल्या होत्या. त्यांच्या हृदयाचं दुखणं जुनं. माझे मिस्टर गेले तेव्हा त्या महिनाभर अंथरुणाला खिळल्या होत्या.

पण मग मंगळवारी चहा पिताना त्या म्हणाल्या, "टेकूचं नाक किती सरळ होतं, नाही?"

"अम्मा, बसकं होतं ना?"

"कुणी सांगितलं तुला?"

मी कप खाली ठेवला. बुधवारी टेकू सावळा राहिला नाही. गुरुवारी मी मुद्दाम कानाचा विषय काढला, तर त्यांनी नीट आठवून सांगितलं की कान कसे, दोन्ही सारखेच होते. मला भीती वाटायला लागली. रोज टेकूचा एक तुकडा जात होता, त्या जागी योझेफ बसत होता, आणि हे थांबवायचं तर आजच थांबवायला हवं होतं. महेश मात्र घरी असायचाच नाही. माझ्या टेकूला कुणी ओळखत असेल तर कळवा, असं अम्मांचं आवाहन, त्या मुलाचा चेहरा आणि घरचा नंबर त्याने साऱ्या सिंधी ग्रुपांवर टाकला होता आणि लोक हृदयं पाठवून ते पुढे ढकलत होते.

मी अम्मांना सांगायचं ठरवून त्यांच्या खोलीकडे निघाले, तोच फोन वाजला. फोन मनमाडहून होता.

"त्यो फोटूतला पोरगा मी हाय," पलीकडचा म्हातारा माणूस म्हणाला. "वाल्मीक नाव माझं. रेल्वेतून रिटायर हाय. माझ्या बापाला मी मालगाडीच्या डब्यात गावलो व्हतो, निर्वासितांच्या सालात. रविवारी येतो."

फोन स्पीकरवर होता. अम्मा दारात येऊन उभ्या होत्या.

त्यानंतर त्यांना काही ऐकूच जाईना. मी दोनदा विषय काढला, दोनदा त्यांनी मला साखर आणायला पिटाळलं. शनिवारी मी महेशला गाठून बजावलं, तो माणूस दारात चपला काढायच्या आत तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन. तो हो हो म्हणाला.

रविवारी वाल्मीकबाबा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पेरूंची पिशवी. माझी नजर त्यांच्या नाकाकडे आणि कानांकडे गेली. रंग सावळा होता, पण सावळे तर निम्मे लोक असतात. ऐंशीच्या चेहऱ्यात चार वर्षांचं पोर शोधणं माझ्याच्याने होईना. ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि पिशवीतून प्लास्टिकचं आवरण घातलेला एक फोटो काढून टेबलावर ठेवला. योझेफचा चेहरा.

"फोटूच्या दुकानातून काढून घेतला," ते मला म्हणाले. "नातवंडं इचारायची, आजोबा तुमी ल्हानपनी कसे व्हते. दाखवायला काय नव्हतं. आता भिंतीला लावलाय, दुसरा हाय तिथं."

अम्मा आतल्या दाराची चौकट धरून उभ्या होत्या. त्या फोटोकडे बघत होत्या, मग बाबांकडे, मग पुन्हा फोटोकडे. महेशने मोबाइल उभा धरला होता. तो शूटिंग करत होता.

"महेश, ते बंद कर आणि बोल," मी म्हणाले.

त्याने मान हलवली, पण हात खाली केला नाही. अम्मांचे ओठ हलले. त्यांच्या तोंडून ते नाव एकदा गेलं असतं तर परत घेता आलं नसतं, ना त्यांच्याकडून, ना त्या म्हाताऱ्याकडून.

"अम्मा, हा टेकू नाही," मी म्हणाले. "बाबा, हे तुम्हीही नाही. हा मुलगा जर्मनीतला आहे. युद्धानंतरचा. महेशने ते चित्रण आणून आपल्या फिल्ममध्ये लावलं. देवळालीचं त्यात काही नाही."

वाल्मीकबाबांनी फोटो उचलला आणि डोळ्यांजवळ नेला.

"मंग म्या भिंतीवर कुनाला लावलंय?" त्यांनी विचारलं.

"त्याचं नाव योझेफ. तोही हरवलेलाच होता. त्याच्या हातात नावाची पाटी होती, घरच्यांनी शोधावं म्हणून."

"मिळाले?" हे अम्मांनी विचारलं.

"माहीत नाही, अम्मा."

त्यांनी महेशकडे पाहिलं. मला वाटलं आता त्याची धडगत नाही. पण आवाज चढला नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. "पाटी कुठे गेली त्याची?"

महेशने मोबाइल खिशात घातला. "मम्मी, चूक झाली. पण हे बाबा खरेच मामा असू शकतात ना. हल्ली डीएनए टेस्ट होते. तुझं आणि यांचं रक्त देऊ, काय ते कळेल."

"दे," अम्मा म्हणाल्या. "कागदावर येईल ते येईल. मला त्याला ओळखायचं होतं."

त्या चौकट सोडून हळूहळू आल्या. वाल्मीकबाबा उठायला लागले, तर त्यांनी खांद्याला धरून बसवलं. त्यांचा चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला, हनुवटी हातात धरली आणि बघत राहिल्या. मग डोळे मिटले. पुन्हा उघडून बघितलं, पुन्हा मिटले. मी मनातल्या मनात विनवणी करत होते, आठव, आठव.

"श्यामला," डोळे न उघडता अम्मा म्हणाल्या, "डोळ्यांपुढे तोच येतो गं. तो पाटीवाला. टेकू येत नाही."

मला रडू फुटलं. महेश भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

अम्मांनी डोळे उघडले. "तू असशील, बाबा," त्या वाल्मीकबाबांना म्हणाल्या. "असशीलही. आठवड्यापूर्वी आला असतास तर मी सांगितलं असतं."