धाकटीचे टाके

मला कुणाच्या कामात नाक खुपसायची सवय नाही. धाकटी बहीण जे शिवते ते मी फक्त नजरेखालून घालते. तेव्हा हातात कात्री असते, एवढंच. शिवणाचं दुकान आहे, कात्री नाही तर काय लाटणं असणार?

तर परवा धाकटी म्हणाली, "ताई, एक तारखेपासून मी समोरच्या दुकानात जातेय. बोलणं झालंय."

"का गं बाई? इथं काय कमी पडलं?"

"आठ वर्षं झाली. मी सकाळी शिवते, तू दुपारी उसवतेस."

असा संताप आला म्हणता! हिला हाताला धरून सुई धरायला शिकवली, त्याचं हे फळ! त्या तिरमिरीत मी खुंटीवरचा काळा कोट ओढला आणि आतून उलटा केला. टाके बघा, एक पूर्वेला, एक पश्चिमेला! "ह्याला शिवण म्हणतात?" असं म्हणत खालची सगळी हातशिलाई सरासरा उसवून टाकली.

धाकटीनं शांतपणे सगळं होऊ दिलं. मग म्हणाली, "ताई, तो तू शिवलायस. मंगळवारी. मी तापानं घरी होते."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. म्हणजे इतकी वर्षं मी टाके बघतच नव्हते, ते कुणाचे आहेत तेवढं बघत होते. मी मुकाट्यानं कोट पुन्हा शिवला. 'चुकलं' म्हणायला काही जीभ वळेना. मोठी ना मी!

दुसऱ्या दिवशी तिनं वाचनालयातल्या बाईंचा झगा शिवून टेबलावर ठेवला. माझा हात निघालाच कात्रीकडे. जित्याची खोड! शेवटी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले.

बाई आल्या. "ताई, तुम्ही नजर टाकलीत ना?"

"नाही," मी म्हटलं. "तिनं शिवलाय. बघायचं काय त्यात?"

बाईंनी झगा घालून पाहिला, आरशात दोनदा वळल्या आणि खुशीत गेल्या.

धाकटी माझ्याकडे वळून म्हणाली, "हात काढ खालून. मुंग्या येतील."

"आणि एक तारखेचं?" मला रडूच यायला लागलं होतं.

"बघू. महिनाभर अशी हातावर बसून दाखव."

"महिनाभर? मग शिवणार कोण?"

"मी," ती म्हणाली.