अंगणातलं थडगं

माझे थोरले दीर देशान यांना दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायची भारी हौस. इकडे उत्तर चीनमध्ये, हार्बिनच्या बाजूला, जमीन गोठायच्या आत हिवाळाभराचा कोबी साठवायची सोय करावी लागते, म्हणून मी आणि नवरा अंगणात पुरुषभर खोल खड्डा खणत होतो. भावोजी कुंपणाला टेकून सिगारेट ओढत होते. हात लावायचं नाव नाही. वर सगळ्या गल्लीसमोर म्हणाले, "थडगं खणताय का? फ्रिज घ्यायची ऐपत नाही वाटतं."

नवरा मुकाट खणत राहिला, त्याचाच मला जास्त संताप आला. आत कोबी रचला आणि उतरायला तोंड ठेवून खड्ड्यावर आम्ही जुन्या दाराच्या फळ्या, मक्याची ताटं आणि माती टाकली. विकत काही आणलं नाही.

नववर्षाच्या तोंडावर भावोजी पोतं घेऊन हजर. "यूचिन, कोबी काढ. घट्ट बघून दे, फ्रिजमधले सडले."

मी रीतीप्रमाणे आधी पेटता दिवा दोरीनं खाली सोडला. हवा खराब असली की तो विझतो. दिवा छान जळत राहिला. मी शिडी लावली आणि बाजूला झाले.

"उतर की," ते म्हणाले.

"मी कशी पुढे होऊ, भावोजी? थडग्यात पहिला मान थोरल्यांचा."