हयात अनसूया, मयत अनसूया

दत्ताराम पेडणेकर गेले, त्यानंतर तीन महिन्यांनी त्यांच्या पत्नीवर आपण त्यांची पत्नी असल्याचं सिद्ध करण्याची पाळी आली. मीरा रोडला शांतिनगरमधली त्यांची इमारत पुनर्विकासाला निघाली होती. बिल्डरच्या करारावर प्रत्येक घरमालकाची सही हवी होती, आणि या घराचे मालक भिंतीवर हार घालून बसले होते. सोसायटीच्या सेक्रेटरीने अत्यंत सौजन्याने सांगितलं, "भाभी, नॉमिनी म्हणजे मालक नाही. कोर्टातून वारस दाखला आणा. हो जाएगा, टेन्शन मत लो."

वकील रुचिता यांचं ऑफिस स्टेशनजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर होतं. अनसूयाबाईंनी कापडी पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर ठेवला. आधार, रेशनकार्ड, वीजबिल, मुलाचा जन्मदाखला, आणि लग्नाचा पुरावा मागितला होता म्हणून, हळदीचं बोट लागलेली लग्नपत्रिका.

रुचिताने पत्रिका वाचली, जन्मदाखला वाचला, आणि आवाज खाली आणला.

"काकू, लग्न चौऱ्याण्णवच्या मे महिन्यातलं आहे. स्वप्नील ब्याण्णवच्या डिसेंबरातला. असतं असं बऱ्याच घरांत, लाजू नका. फक्त मला खरं सांगा."

"तसलं काही नाही हो," अनसूयाबाई म्हणाल्या. "तो माझा नाही. म्हणजे माझाच आहे. जन्म अनसूयेनं दिला."

"अनसूया तुम्हीच ना?"

"मी दुर्गा."

पहिली अनसूया राई गावची. मूल सात महिन्यांचं असताना ती काविळीने गेली. दुर्गा विशीत, लालबागच्या चाळीतून, त्या मुलासाठी आणली गेली. लग्नात ताटभर तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं, असा रिवाज आहे. बाईची आजवरची सगळी वर्षं एका ताटात, तीही पाहुण्यांच्या टाळ्यांत, सपाट करण्याची इतकी सुबक सोय एरवी फक्त सरकारी खात्यांनाच सुचते. दत्ताराम कोणतं नाव लिहावं म्हणून घुटमळले, तेव्हा त्यांच्या आईने निर्णय दिला. रेशनकार्डावर अनसूया आहेच. ते नाव कमी करा, नवं चढवा, कोण खेटे घालणार? आणि पोराला उद्या शाळेत आईचं नाव विचारलं, तर दोन नावं कशाला? दत्तारामांनी तांदळात 'अनसूया' लिहिलं. या सासूबाईंना कुठल्याही मंत्रालयात सहज बढती मिळाली असती.

पुढची तीस वर्षं ती सोय निर्दोष चालली. आधार निघालं, मतदार ओळखपत्र निघालं. प्रत्येक खात्याने आधीच्या खात्याचा कागद पाहून आपला कागद दिला. अनसूया दत्ताराम पेडणेकर ही बाई मेल्याची नोंद तत्कालीन नगर परिषदेच्या एका रजिस्टरात होती. ते रजिस्टर कुणी उघडलं नाही.

अडचण एकच होती. राईहून मामा यायचा. दोनदा आला, सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन, आणि दारातूनच ओरडला, "माजा भाचा हाय तो! न्हाय दाखवत म्हंजे काय? माजी बहीन मेली, मी न्हाय मेलो!" सासूबाईंनी दार लावून घेतलं. दुर्गा दाराआड उभी होती, मूल कडेवर, आणि मुलाने बोबडं काही बोलू नये म्हणून तिचा तळवा त्याच्या तोंडावर होता. मामा तिसऱ्यांदा आला नाही.

"म्हणजे स्वप्नीलला माहीत नाही," रुचिता म्हणाली.

"नाही. आणि कळायला नको. तेवढंच बघा. बाकी घराचं काय व्हायचं ते होऊ दे."

रुचिताने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुम्हाला नुकसान काहीच नाही. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर लग्न झालंय, तुम्ही कायदेशीर पत्नी आहात, सासूबाई आता नाहीत, म्हणजे निम्मा हिस्सा तुमचा. फक्त प्रतिज्ञापत्रात खरं लिहावं लागेल, आणि स्वप्नीललाही अर्जात घ्यावं लागेल."

"मी तीच अनसूया, असं लिहिलं तर?"

"मृत बाईच्या नावाने शपथ घेतली म्हणून गुन्हा."

"मग मला नकोच हिस्सा. मी हक्क सोडते."

"सोडायला आधी तो सिद्ध करावा लागतो, काकू."

"मी नाहीच असं दाखवा. घरात कामाला ठेवलेली बाई. एकटा त्यालाच वारस करा."

"मग अर्ज त्याने करायचा, आणि आईच्या मृत्यूचा दाखला त्यानेच जोडायचा."

अनसूयाबाईंनी मान हलवली. ही यंत्रणा लाच घेत असती, उद्धट असती, तर तिच्याशी भांडता आलं असतं. ती फक्त बरोबर होती.

स्वप्नील एका बँकेत गृहकर्ज विभागात होता. लोकांच्या वारसांची वंशावळ तपासणं हाच त्याचा पोटापाण्याचा धंदा. "आई, मला कुठे सही करायची तेवढं सांग," तो रोज म्हणायचा, "तुझ्या वकीलबाई तर दाखल्यासाठी दिवाळी काढतील." त्याला सांगायचं म्हणून अनसूयाबाईंनी तीन वेळा तोंड उघडलं. तिन्ही वेळा जेवायला वाढलं. शेवटी एका रविवारी सकाळी त्यांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. प्रतिज्ञापत्राचा मसुदा त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि त्या पोळ्या लाटायला आत गेल्या.

तो सवयीने हातात पेन घेऊन वाचत होता. स्वयंपाकघरातून त्यांना पेनची टकटक ऐकू येत होती. चौथ्या कलमापाशी ती थांबली. 'सदर प्रतिज्ञाकर्ती ही स्वप्नील दत्ताराम पेडणेकर याची जन्मदात्री नसून, मयत दत्ताराम यांच्या मयत प्रथम पत्नीपासून झालेला तो एकमेव मुलगा आहे.' थांबल्यानंतरही त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. अर्धवट वाचलेला कागद तो कधी खाली ठेवत नसे.

"हे टाइप कुणी केलं?"

"वकीलबाईंनी."

"त्यांनी की त्यांच्या टायपिस्टने?"

"...टायपिस्टने."

"म्हणजे टायपिस्टला माझ्या आधी कळलं."

अनसूयाबाई पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभ्या होत्या. "तोंड उघडत नव्हतं रे."

"तीस वर्षं?" त्याने कागद नीट घडी घालून पाकिटात ठेवला. "राईला कोण आहे माझं?"

"मामा. होता. असेल."

"नववीत असताना राईच्या मैदानावर क्रिकेट खेळायला जायचो मी. सायकलवरून. वीस मिनिटं लागायची. तू डबा द्यायचीस, आई."

ती हाक त्यानंतर त्याच्या तोंडून पुन्हा आली नाही. तो रागावला नाही, ओरडला नाही. जेवला, ताट विसळून ठेवलं. फक्त जाताना विचारलं, तिचा एखादा फोटो आहे का. फोटो सासूबाईंनी लग्नाच्या आदल्या आठवड्यातच चुलीत घातले होते. अनसूयाबाईंनी तेही खरं सांगितलं. आता खोटं बोलण्याचं कारणच उरलं नव्हतं.

कोर्टाचं काम वेळेत झालं. जाहीर नोटीस वर्तमानपत्रात छापून आली. कुणाची हरकत असल्यास कळवावी, असं तिच्यात म्हटलं होतं, आणि कुणीच हरकत कळवली नाही. स्वप्नील दर रविवारी राईला जाऊ लागला. एकदा त्याच्या मोबाइलमध्ये मामाकडचा फोटो होता. अनसूयाबाईंनी मागितला, तेव्हा गेटवर वॉचमनला ओळखपत्र दाखवावं तसा त्याने तो दाखवला. किडकिडीत मुलगी, मांडीवर बाळ, मागे मिठागराचा पांढरा ढीग. "नाक तुझं हिच्यासारखं..." त्या म्हणेपर्यंत फोन खिशात गेला होता.

मग एके दिवशी तो म्हणाला, "मी हक्कसोडपत्र करतोय. माझा निम्मा हिस्सा तुमच्या नावावर. नव्या इमारतीतलं घर सगळं तुमचं. मी राईला खोली बघितलीय."

"मला नको सगळं."

"सगळं नको. मग हवंय काय?"

"तुझं नाव राहू दे माझ्या शेजारी. कागदावर तरी. वर्षाकाठी एखादी सही लागेल, त्यासाठी तरी येशील."

स्वप्नीलने बँकेत ग्राहकांना सांगतो त्याच स्वरात सांगितलं, "दोन नावं ठेवली की पुढे वारसांचा घोळ होतो. रोज बघतो मी."

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दोघं शेजारी बसले. कारकुनाने कॅमेऱ्यासाठी त्यांना जवळ सरकायला सांगितलं, अंगठे घेतले, आणि नियमाप्रमाणे दस्तातलं मुख्य वाक्य वाचून दाखवलं. "लिहून देणार स्वप्नील हे लिहून घेणार दुर्गा ऊर्फ अनसूया, नातं सावत्र आई, यांच्याविषयीच्या नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता, आपला संपूर्ण हक्क कायमचा सोडून देत आहेत. बरोबर?"

"बरोबर," स्वप्नील म्हणाला.

"मावशी, तुम्हाला मान्य?"

"नाही," अनसूयाबाई म्हणाल्या.

कारकुनाने चष्मा वर केला. "काय मान्य नाही? घर तुम्हाला मिळतंय. लोक इथे रडतात ते घर जातं म्हणून."

त्यांनी सांगायचा प्रयत्न केला. प्रेम व आपुलकी हे शब्द छापील मसुद्यात प्रत्येकाला फुकट मिळतात, आणि 'कायमचा सोडून' हे त्याच वाक्यात, दोन स्वल्पविरामांपलीकडे असतं. त्यांच्या तोंडून इतकंच आलं, "तो मोबदला घेत नाहीय. काहीच घेत नाहीय माझ्याकडून."

"चांगलंच आहे की!"

"सही करा," स्वप्नील हळू म्हणाला. "मागे रांग आहे."

त्यांनी सही केली. आधी एक नाव, मग दुसरं. शिक्के बसले, दस्ताला क्रमांक पडला. ऊन टळटळीत होतं. स्वप्नीलने दस्ताची पावती प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून त्यांच्या पिशवीत ठेवली, चेन ओढून पाहिली, आणि हात करून रिक्षा थांबवली.

"भैया, आंटी को शांतिनगर छोड देना," तो रिक्षावाल्याला म्हणाला. "बिल्डिंग के गेट के अंदर तक ले जाना. घुटना दुखता है इनका, चल नहीं पाएंगी."

अनसूयाबाई आत बसल्या. मीटर पडला. स्वप्नील रस्ता ओलांडून राईच्या शेअर रिक्षांच्या रांगेत शेवटचा जाऊन उभा राहिला, आणि पुढच्या माणसाने "राईचेच का?" असं विचारलं तेव्हा त्याने मान हलवून हो म्हटलं.